लांडगा, हॅरियर, मगर: जागोजागी बदलणाऱ्या जमिनीवर लांब लेन्सला आधार कोणता?

गवतमाणूस, वडोदरा

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात पाणपक्षी थोडे बाजूला ठेवून शिकारी जिवांच्या मागे जायचं ठरवलंय. भावनगरकडच्या वेळावदरच्या गवताळ रानातले लांडगे आणि तरस, तिथेच संध्याकाळी गवतात उतरणारे हॅरियर हे शिकारी पक्षी, कच्छच्या छोट्या रणातलं खोकड, मही नदीच्या कोतरांतलं, म्हणजे घळींतलं, शृंगी घुबड, आणि घरचीच म्हणावी अशी विश्वामित्री नदीतली मगर.

१५०-६०० ची लेन्स आहे, बॉडीसकट वजन तीन किलोच्या आसपास जातं. हातात धरून पहिली पाच मिनिटं बरी जातात. त्यानंतर लांडगा समोर येईपर्यंत दंड भरून येतात आणि नेमका त्याच क्षणी फोटो हलतो. आधार घ्यायचा हे नक्की, पण कोणता? या चार जागांची जमीन एकमेकींशी अजिबात जुळत नाही. वेळावदरला गाडीतून उतरता येत नाही, रणात पोटावर झोपावं लागतं, कोतरांत माती पायाखालून सरकते, आणि मगर पाहायची ती पुलावरून.

सध्या एकाच वस्तूवर पैसे खर्च करता येतील. माझा आतेभाऊ टेक्सासला कायोटीच्या (तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या) शिकारीला जातो. तो म्हणतो, त्यांच्याकडे रायफलच्या आधारावरून लोकांचे तासन् तास वाद चालतात, आणि तुमचाही प्रश्न तोच आहे. खरंच तोच आहे का?

दांडियाबाजार

बीनबॅग, म्हणजे दाणे भरलेली पिशवी. दुसरं काही घेऊ नका.

मुक्ता_कारेलीबाग

दांडियाबाजारभाऊ, एका शब्दात उत्तर देता येईल असा हा प्रश्न नाही. बीनबॅगला टेकायला काहीतरी लागतं. गाडी नाही, कठडा नाही, दगड नाही, अशा ठिकाणी ती नुसती पिशवी उरते. वढवाणा तलावाच्या बांधावर पहाटे जाऊन बसा आणि मार्श हॅरियर बदकांवर घिरट्या घालत येण्याची वाट पाहा. तिथे दोन-दोन तास लेन्स एकाच दिशेला रोखून ठेवायची असते. ते ट्रायपॉडशिवाय होत नाही.

ट्रायपॉड घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. मधला दांडा नसलेला घ्या, किंवा असला तर तो कधीही वर काढू नका. दांडा वर गेला की खालच्या तीन पायांचा अर्धा फायदा गेला. दुसरं, पाय वेगवेगळ्या कोनांत उघडून पार जमिनीलगत बसता आलं पाहिजे, म्हणजे उतारावर एक पाय आखूड आणि दोन लांब करता येतात. तिसरं, उडत्या पक्ष्यासाठी गिंबल हेड, म्हणजे ट्रायपॉडवर लेन्स झुलती तोलून धरणारा भाग. लेन्स कॉलरवर (आधाराला जोडायच्या कड्यावर) मागेपुढे सरकवून तोल साधला की एका बोटाने फिरते आणि सोडली तरी नाक खाली टाकत नाही. गोळ्यावर फिरणाऱ्या बॉल हेडवर एवढी जड लेन्स ढिली केली की ती एका बाजूला धाडकन कलंडते, बोटही चेमटतं.

राईकर

मुक्ताताई, वढवाण्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण धागाकर्त्याच्या यादीत पहिलं नाव वेळावदरचं आहे. तिथे जिप्सीत चार माणसं, मधे वाटाड्या, आणि ट्रायपॉडचे पाय तिघांच्या गुडघ्यांत. लांडगा डावीकडून उजवीकडे गेला की ट्रायपॉडवाला अडकतो आणि बाकीच्यांनाही अडकवतो.

बीनबॅगबद्दल एवढं सांगतो की पिशवीपेक्षा आतलं भरण महत्त्वाचं. थर्माकोलचे दाणे हलके असतात, पण लेन्स त्यांवर डुगडुगते आणि दाबले की कुरकुर आवाज येतो. तांदूळ बरा. सगळ्यांत उत्तम राई. दाणा बारीक आणि गोल असल्यामुळे लेन्सच्या पोटाखाली बरोबर खळगा होतो आणि लेन्स त्यात बसते. दोन-अडीच किलोत काम होतं. पिशवी पॅंटसारखी दोन पायांची शिवा, म्हणजे गाडीच्या दारावर एक पाय आत, एक बाहेर अशी घट्ट बसते. घरून रिकामी न्यायची आणि वाटेत किराणा दुकानातून राई घेऊन भरायची. ओझं कशाला वाहायचं?

मीरा_कु

आमच्याकडे मूग भरतात! सहलीवरून आलं की आई पहिल्यांदा बीनबॅग ताब्यात घेते आणि दुसऱ्या दिवशी खिचडी. आमच्या घरात फोटोग्राफीला विरोध नाही तो यामुळेच.

राईकर

मीराताई, खिचडी मस्तच. फक्त पिशवीला दव लागलं असेल तर मूग त्याच दिवशी काढून उन्हात पसरा. ओले राहिले की मोड येतात, मग पिशवीला वास सुटतो आणि उंदीरही येतात.

ऑस्टिनकर

मूळचा वडोदऱ्यातल्या निजामपुऱ्याचा, आता बरीच वर्षं टेक्सासात. धागाकर्त्यांचा आतेभाऊ मी नाही, पण कायोटीच्या शिकारीला मीही जातो, म्हणून लिहितो. इथे कायोटीला बंद हंगाम नाही. मेंढ्या आणि वासरं ती उचलतात म्हणून शेतमालक स्वतःहून बोलावतात.

पद्धत अशी. जखमी सशाचा आवाज काढणारं यंत्र तीस-चाळीस मीटर दूर ठेवायचं, आपण झुडपाला पाठ लावून बसायचं म्हणजे माणसाचा आकार उठून दिसत नाही, आणि वाट पाहायची. कायोटी सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाते आणि वास घेते. म्हणजे ती कुठून येईल ते साधारण कळतं, पण नेमकं कळत नाही. दिसल्यापासून थांबेपर्यंत हाती काही सेकंद असतात, आणि त्या वेळात मोठी हालचाल केली की ती गेलीच.

आता आधार. बंदुकीला पुढे बसवलेले दोन आखूड पाय, म्हणजे बायपॉड, सपाट कापलेल्या गव्हाच्या शेतात सर्वांत स्थिर, कारण पोटावर झोपून नेम धरता येतो. पण पश्चिम टेक्सासात जमिनीवर निवडुंग आणि वर मेस्किटची झुडपं. झोपलात तर काटे टोचतात आणि समोर फक्त गवताचे बुडखे दिसतात. तिथे बसून वापरायच्या काठ्या लागतात. दोन पायांची काठी झटकन फिरते, पण पुढेमागे झुलते. तीन पायांची झुलत नाही, पण वळवायला वेळ घेते. रात्री उभ्याने थर्मल दुर्बिणीवर काम करणारे पूर्ण ट्रायपॉडवर बंदूक पकडीत बसवतात. आणि चुनखडीच्या टेकड्यांवर मी काहीच नेत नाही, पाठीवरची सॅक दगडावर टाकून तिच्यावर नेम धरतो.

एक नियम मात्र सगळीकडे सारखा. नळी कधीही कठीण वस्तूवर टेकवायची नाही, पुढचा लाकडी भाग टेकवायचा, तोही मऊ वस्तूवर. नळी टेकली की गोळी भलतीकडे जाते.

म्हणून माझं उत्तर: बसायची उंची आधी ठरवा, आधार नंतर. समोरचं गवत किंवा झुडूप किती उंच आहे, त्यावरून तुमचा डोळा कुठे असणार ते ठरतं, आणि डोळा जिथे असेल तिथे लेन्स स्थिर करणारी वस्तू म्हणजे तुमचा आधार.

शाल्मली

मला हे वाचून त्रास झाला. आपण इथे लांडगा वाचवायच्या गोष्टी करतो आणि कायोटी मारायच्या पद्धती धाग्यावर सविस्तर लिहिल्या जातात. नवीन मुलं वाचत असतात.

तात्या_रावपुरा

शाल्मली, तुझा त्रास समजतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्न निकाली काढला आहे आणि तो योग्य रीतीने काढला आहे. लांडगा, मगर, बिबट्या, कोणावरही बंदूक रोखायची नाही, कुणी विचारात असेल तर त्याने आत्ताच तो विचार सोडावा. ऑस्टिनकर जिथे राहतात तिथला कायदा आणि तिथली जनावरं वेगळी आहेत, आणि त्यांनी ते स्वच्छ सांगितलंही आहे.

पण एक लक्षात घे. वेळावदरचं जे गवत आज आपण पाहतो ते भावनगरच्या महाराजांनी शिकारीसाठी राखलेलं रान होतं. शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडायचे. चित्ते या देशातून गेले, शिकार बंद झाली, आणि १९७६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. चौतीस चौरस किलोमीटरच्या आसपासचा तो तुकडा आज काळवीट, लांडगा, तरस आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या हॅरियरांचं ठिकाण आहे. त्या महाराजांनी गवत राखलं नसतं तर आपल्याला फोटो काढायला काय उरलं असतं ते सांगता येत नाही. शिकाऱ्याची नजर आणि आपली नजर यांत पुष्कळ अंतर आहे, पण चाहूल न देता जवळ कसं बसायचं ही विद्या त्यांच्याकडून घ्यायला मला संकोच वाटत नाही.

शाल्मली

तात्या, पटलं. विद्या घेऊ, बंदूक नको. चर्चा चालू द्या.

महूकर_५०मी

इंदूरजवळच्या महूहून. पन्नास मीटर रायफल नेमबाजी बरीच वर्षं केली. आमच्या खेळात टेकायला काहीही मिळत नाही. झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडाला पट्टा लावता येतो, गुडघ्यावर बसताना पायाच्या वळणाखाली गोल उशी ठेवता येते, उभ्याने तर तेही नाही. तीन स्थितींच्या याच प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं. सांगायचा मुद्दा हा की हाडांवर वजन टाकायला शिकलं की शरीर हाच मोठा आधार होतो.

आता थोडं गणित, कारण इथे कुणीच केलं नाही. चांगली रायफल आणि चांगला नेमबाज शंभर मीटरवर साधारण तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसवतो. कायोटीसाठी लागणारी जागा त्याहून बरीच मोठी, दहा-पंधरा सेंटिमीटर. आता तुमची लेन्स घ्या. फुल फ्रेम, ६०० मिलिमीटर, चोवीस मेगापिक्सेल. शंभर मीटरवर तुमच्या चौकटीची रुंदी सहा मीटर, आणि ती सहा हजार पिक्सेलमध्ये वाटली जाते. म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक मिलिमीटर. शटर उघडं असताना लेन्सचा नेम तिथे तीन सेंटिमीटरने सरकला तर नेमबाज म्हणून तुम्ही उत्तम, पण फोटोत लांडग्याच्या डोळ्याला तीस पिक्सेलचं शेपूट आलेलं असतं.

तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, वेळ. हजारांश सेकंदाचं शटर असेल तर तेवढ्याच वेळापुरतं स्थिर राहायचं असतं. म्हणून आधार कोणताही घ्या, पण आधार आहे म्हणून शटर दोनशेवर आणू नका. लांडगा स्वतःही चालतोय.

आणि ही एक तालीम करून पाहा. लेन्स आधारावर ठेवा, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. लेन्स जिथे होती तिथेच असेल तर तुम्ही बरोबर बसला आहात. सरकली असेल तर लेन्स ओढून परत जागेवर आणायची नाही, आख्खं शरीर थोडं वळवायचं. ओढून धरलेली लेन्स स्नायूंवर असते, आणि स्नायू थकतात. धागाकर्त्यांचे दंड भरून येतात त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

गवतमाणूस, वडोदरा

महूकर, हे वाचून लगेच गच्चीत जाऊन करून पाहिलं. लेन्स दर वेळी उजवीकडे सरकत होती! खुर्ची थोडी फिरवून बसलो, तेव्हा थांबली. धन्यवाद. गुडघ्यावर कोपर टेकताना काही युक्ती आहे का?

महूकर_५०मी

कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, गोलावर गोल घसरतो. कोपराच्या किंचित मागचा, दंडाचा सपाट भाग वाटीच्या पुढे टेकवा. श्वास सोडून झाल्यावर जी आपोआप विश्रांती येते, त्यात शटर दाबा. श्वास रोखून धरू नका, त्याने नाडीचे ठोके लेन्समध्ये उतरतात.

चैतन्य_अलकापुरी

मला एक कळत नाही. आता मिररलेस बॉडीतही स्थिरीकरण, लेन्समध्येही स्थिरीकरण. माझी १००-५०० दीड किलोच्याही आत आहे. मी वेळावदरला सगळं हातात धरून करतो आणि उडत्या हॅरियरचे फोटो धारदार येतात. आधार ही जुन्या कॅमेऱ्यांच्या काळातली गरज नाही का?

मुक्ता_कारेलीबाग

चैतन्य, हॅरियरचं मान्य. उडत्या पक्ष्यामागे हाताने जितकी मोकळी लेन्स फिरते तितकी कशावरही फिरत नाही, आणि हलकी लेन्स असेल तर प्रश्नच नाही. पण धागाकर्त्यांची लेन्स तुमच्यापेक्षा पुष्कळ जड आहे. शिवाय स्थिरीकरण हाताचा थरथराट कमी करतं, थकवा नाही. तरस गवतातून बाहेर येण्याची वाट पाहताना लेन्स डोळ्याला लावून किती वेळ बसाल? तरस यायचं ते सूर्य बुडाल्यावर, त्या वेळी शटर हजारवर ठेवायला प्रकाशच नसतो.

चैतन्य_अलकापुरी

संध्याकाळच्या तरसाचं तुमचं बरोबर. मी तेव्हा बहुतेक कॅमेरा खाली ठेवून नुसतं पाहतो.

राईकर

पक्षी आणि जनावर यांत सोपा फरक सांगतो. उडतं ते हातावर, चालतं ते पिशवीवर, आणि बसून राहतं त्याला वेळ द्या.

गाडीबद्दलही लिहून ठेवतो, कारण बीनबॅगवाले हे विसरतात. इंजिन बंद करायला सांगा. डिझेल गाडीचं इंजिन चालू असेल तर दारावरची पिशवी कितीही चांगली असो, थरथर लेन्सपर्यंत पोचतेच. आणि गाडीतल्या बाकी मंडळींशी आधीच ठरवून घ्या की कुणी एक जण "आता" म्हणाला की कुणी हलायचं नाही. मागच्या बाकावर माणूस कूस बदलतो तेव्हा आख्खी जिप्सी कलते. डावा हात लेन्सच्या वरून ठेवून हलकेच खाली दाबा. लेन्सच्या खाली हात घालून तोलण्यापेक्षा हे बरं, उरलेली थरथर तो हात खाऊन टाकतो.

दांडियाबाजार

अवांतर: पहाटे निघताना पोटात काही असू द्या. रिकाम्या पोटी हात जास्त थरथरतात. आदल्या रात्रीचं सेव-उसळ मात्र नको, रस्ता लांब आहे.

मीरा_कु

सेव-उसळीला या धाग्यातून वगळलेलं चालणार नाही. परत येताना खायची.

विश्वामित्रीकाठ

मगरीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं घर नदीपासून लांब नाही, हिवाळ्यात ऑफिसला जाण्याआधी रोज एक फेरी होते. नऊच्या सुमाराला ऊन काठावर पडलं की मगरी चिखलावर येऊन पसरतात, तोंड उघडं टाकून बराच वेळ हलतसुद्धा नाहीत. पाहायला गेलं तर सगळ्यांत सोपा शिकारी प्राणी. अडचण पुलाची आहे. काळा घोड्याच्या पुलावर ट्रायपॉड लावून पाहा. सिटी बस गेली की पूल थरथरतो, ती थरथर तीन पायांनी थेट लेन्सवर चढते, आणि गर्दीच्या वेळी पूल थांबतच नाही. कठड्यावर पिशवी ठेवली तरी तेच. इथे मात्र हातात धरलेलं चांगलं, कारण आपले गुडघे आणि कंबर ती थरथर गिळतात. ऊन भरपूर असतं, शटर दोन हजारवर न्या. किंवा मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा आधार, त्याचं टोक जमिनीवर न टेकवता आपल्या बुटावर टेकवायचं. बूट आणि पाय मधे आले की थरथर पुष्कळ कमी होते.

दोन विनंत्या. कठड्यावर लेन्स टेकवाल तर पट्टा गळ्यात असू द्या. आणि चांगल्या कोनासाठी काठावर खाली उतरू नका. काठावर पडलेली मगर दिसते, पाण्यातली दिसत नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात सोसायट्यांच्या आवारात मगरी आल्या तेव्हा सगळ्या शहराने पाहिलं की आपण तिच्या किती जवळ राहतो. तिने आपल्याला बराच काळ सांभाळून घेतलंय, आपणही तिला तेवढं अंतर द्यावं.

शाल्मली

शेवटच्या ओळीसाठी खास धन्यवाद.

रणातला_वाटसरू

छोट्या रणाबद्दल. खोकडाच्या डोळ्याच्या पातळीवर लेन्स आणायची असेल तर ती जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी. पाय सपाट पसरलेला ट्रायपॉडही बहुधा तितका खाली येत नाही. बाहेरचे पक्षी-छायाचित्रकार यासाठी चक्क तवा वापरतात, आणि आपल्याकडे तव्यांना तोटा नाही. जुना नॉनस्टिक तवा घ्या, मधे भोक पाडा, खालून बोल्ट घालून वर बॉल हेड किंवा गिंबल बसवा. झाला आधार. खारट मातीवर तो होडीसारखा सरकतो, पोटावर रांगताना पुढे ढकलत नेता येतो, आणि कडा वर वळलेल्या असल्यामुळे माती आत येत नाही. बोल्टचं डोकं खाली फार बाहेर येऊ देऊ नका, ते जमिनीत रुततं. गाडीतून उतरायचं ते वाटाड्याने हो म्हटलं तरच, आणि बिळाच्या तोंडाशी कधीही नाही.

रणात कुठलाच आधार ज्याच्यापुढे चालत नाही ती गोष्ट म्हणजे गरम हवा. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा उकळल्यासारखी हलते आणि लांबचं खोकड पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. लोक लेन्सला दोष देतात, फोकसला देतात, कधी आधाराला. खाली झोपून फोटो काढणाऱ्याला याचा त्रास सर्वांत जास्त, कारण सगळ्यांत तापलेला थर जमिनीला चिकटूनच असतो आणि तुम्ही नेमकं त्याच्यातून पाहता. म्हणून तवा सूर्य उगवल्यापासून पहिला तास-दीड तास. नंतर गाडीवर चढा, उंचावरून काढा, आणि शक्य तितकं जवळचं काढा.

ट्रायपॉड नेलात तर परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा. तिथली खारी धूळ पायांच्या कुलपांत बसते आणि काही दिवसांत ती फिरेनाशी होतात.

ऑस्टिनकर

तवा! हे इथल्या मंडळींना सांगतोच. तापलेल्या हवेचं इथेही अगदी असंच आहे. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर लांबचा नेम धरण्यात अर्थ नसतो.

तात्या_रावपुरा

महीच्या कोतरांबद्दल मी लिहितो, कारण तिथे तरुणपणापासून हिंडलो आहे. माती भुसभुशीत, कडा उभ्या, काठ पावसाने पोखरलेले. ट्रायपॉड तिथे लावता येतो, पण एक पाय कड्यावर आणि दोन खाली, असं करताना माणूस स्वतः घसरतो. मी नेहमी काठी घेऊन हिंडतो, तुम्ही मोनोपॉड घ्या. चढताना काठी, थांबल्यावर आधार. त्याचं टोक शरीरापासून थोडं पुढे रोवा आणि किंचित त्याच्यावर झुका, म्हणजे दोन पाय तुमचे, तिसरा त्याचा. वर वाकणारं छोटं हेड लावलं तर समोरच्या कड्यातल्या कपारीकडे लेन्स सहज वळते.

शृंगी घुबड दिवसा कपारीत बसलेलं असतं आणि बसूनच राहतं. ते उडालं तर समजा तुम्ही फार जवळ गेलात. हिवाळ्याच्या शेवटी ते अंड्यांवर असतं, तेव्हा त्या कोतरात जाऊच नये. आणि नेमकी जागा धाग्यावर कुणी लिहू नये अशी माझी विनंती आहे.

मुक्ता_कारेलीबाग

तात्यांना अनुमोदन. जागेबद्दल तर शंभर टक्के.

मोनोपॉडबद्दल मात्र माझा आक्षेप नोंदवते. तो वजन उचलतो, पण डावी-उजवी डोलणं थांबवत नाही. संधिप्रकाशात शटर कमी केलं की ते दिसतं.

महूकर_५०मी

ते डोलणं थांबवायला मोनोपॉडचा खालचा भाग पुढच्या पायाच्या नडगीला आतून टेकवा आणि पट्टा मनगटाला पीळ देऊन ताणून धरा. आमच्या खेळात दंडाला पट्टा असतो त्याचं कामही हेच. ट्रायपॉडइतकं घट्ट होणार नाही, मुक्ताताई, पण फरक पडतो.

गवतमाणूस, वडोदरा

एवढं सगळं वाचून कागदावर पाच जागा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ऑस्टिनकरांच्या म्हणण्याप्रमाणे डोळ्याची उंची लिहिली. वेळावदर: जिप्सीचं दार, बसून. रण: वीतभर. कोतर: उभ्याने. पूल: उभ्याने. वढवाणा: बसून, दोन तास. पाचांत एकच वस्तू बसत नाही हे स्पष्ट आहे. पण पिशवी शिवायला फारसा खर्च नाही आणि तवा घरात आहे (आईला विचारून). म्हणजे पैसे खर्च करायचे ते मोनोपॉड किंवा ट्रायपॉड यांतल्या एकावर.

माझा कल मोनोपॉडकडे आहे. कोतर आणि पूल दोन्हीकडे तोच चालतो, आणि बसून वापरला तर वढवाण्यालाही निदान वजन तरी उचलेल.

मुक्ता_कारेलीबाग

वढवाण्याला माझा ट्रायपॉड घेऊन जा. रविवारी मी तिथे असतेच, एक तास तुम्ही, एक तास मी. वापरून पाहा आणि मग ठरवा. मी अजूनही म्हणते की शेवटी तुम्ही ट्रायपॉडच घ्याल.

चैतन्य_अलकापुरी

मोनोपॉड घेताना तो आखूड झाल्यावर किती लांब राहतो ते पाहा. काही चार भागांचे असतात, ते सॅकेत मावतात, पण सर्वांत खालचा भाग करंगळीएवढा बारीक असतो. तीन किलो वजनासाठी कमी भागांचा, जाड नळीचा घ्या. लेन्सच्या कॉलरला लावायची प्लेट वेगळी घ्यावी लागते, ती विसरू नका.

गवतमाणूस, वडोदरा

मुक्ताताई, रविवारी नक्की येतो. चैतन्य, प्लेटचं खरंच लक्षात नव्हतं.

शेवटचा प्रश्न राईकरांना. पिशवीचं तोंड बंद करायला वेल्क्रो लावू की चेन? शिवणारा म्हणतो वेल्क्रो स्वस्त पडेल.

राईकर

चेनच लावा, आणि तिच्यावर कापडाची पट्टी शिवून घ्या म्हणजे लेन्सला ओरखडा पडणार नाही. जीपमध्ये भरण कमी-जास्त करताना वेल्क्रो फाडल्याचा आवाज शंभर मीटरवरच्या काळविटाच्या कानावर जातो, आणि काळविटं बिथरली की लांडगा कुठला दिसतोय. कापड ताडपत्रीवाल्याकडचं जाड कॅनव्हास घ्या, आत एक पातळ सुती अस्तर. शिवण दुहेरी. राई वाटेत वल्लभीपूरला घ्या.

मीरा_कु

आणि परत आणलेली राई लोणच्याला.